एका बाटलीत सहा चमचे: रोजच्या कोल्ड्रिंकचं शरीरात काय होतं?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. उन्हाळा लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "दादा, उन्हातून आल्यावर थंडा घेतला तर चालतो का?" "जुलाब लागलेत, कोल्ड्रिंक प्यावं का?" "भरतीचं ग्राउंड मारायच्या आधी एनर्जी ड्रिंक घेतो, काही होतं का?" आणि एकानं तर सरळ लिहिलंय, "रोज एकच पितो, जास्त नाही."

तर आज या "रोज एकच"वर बोलू. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. जे मोजून झालंय तेवढंच सांगणार. ज्यांना आधीच शुगर आहे, किडनीचा किंवा बीपीचा त्रास आहे, त्यांनी माझं ऐकून गप्प बसू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवू. पुण्या-मुंबईत इंग्रजी वाचून लोक "सोडा" म्हणतात तेव्हा त्यांना कोला वगैरे म्हणायचं असतं. आपल्या बीडकडं सोडा म्हणजे गोळी सोडा, नाहीतर मटण जास्त झाल्यावर लिंबू पिळून घेतात तो. त्यात साखर टाकली नसेल तर ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, एवढंच. त्यानं ढेकर येतो, पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि ज्यांना आंबट पाणी वर येतं त्यांचा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतो. खारा सोडा रोज घेत असाल तर त्यातलं मीठ बीपीवाल्यांनी मोजावं. साध्या सोड्याचं माझं म्हणणं इथं संपलं. पुढं जे बोलतोय ते गोड बाटलीबद्दल.

आता बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. कोणत्याही साध्या कोलाच्या बाटलीवर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास. घरातल्या चहाच्या चमच्यानं, सपाट भरून, सहा चमचे आणि थोडी वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, ठेवलीत तर आणखी चांगलं. एका बाटलीत तो चांगला आकडा संपला. सकाळचा चहा, संध्याकाळचा चहा, कुणाच्या वाढदिवसाचा केक, हे सगळं अजून बाकीच आहे. आणि "रोज एकच"चं वर्षाचं गणित केलं तर २६ गुणिले ३६५, साडेनऊ किलो साखर होते.

हा "सहा चमचे" आकडा लक्षात ठेवा, कारण तो आपल्याला दुसरीकडंही भेटतो. घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं हे अंगणवाडीताई सांगते ना? एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. साखर तेवढीच, सहा चमचे. फक्त ती एक लिटरमध्ये आहे, आणि बाटलीत तीच पाव लिटरमध्ये. चौपट घट्ट. आणि मीठ जवळपास नाहीच.

आता यानं फरक काय पडतो? आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत शोषलं जातं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएसची सगळी करामत एवढीच आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले, त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पण पाणी जर फारच गोड असेल, तर उलटं होतं. आतड्यात घट्ट पाक आला की तो पातळ करायला शरीर स्वतःचंच पाणी आतड्यात सोडतं. म्हणून जुलाबात पोराला थंडा पाजला की जुलाब वाढू शकतात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर: नाही, जुलाबात कोल्ड्रिंक नाही. गॅस काढून पण नाही.

याच्याच शेजारची एक गोष्ट. मेडिकलमध्ये खोक्यातली गोड पेयं "ओआरएस" नावानं वर्षानुवर्षं विकली जात होती, ज्यांच्यात साखर खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यावर बरीच वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयावर "ओआरएस" हा शब्द छापायचा नाही. मेडिकलवाल्याला "ओआरएस द्या" म्हणताना पुडी मागा, पावडरची. स्वस्तही तीच आहे.

ऊन, काम आणि बाटली

आता तो भाग, ज्याच्यासाठी मी हा एपिसोड केला.

आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी, सगळीकडून ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात उतरायचं, उन्हात मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. फडावर पिण्याचं पाणी जवळ असेलच असं नाही. आणि संडासाची सोय नसते म्हणून बाया मुद्दाम पाणी कमी पितात, हे आपल्याकडं कुठल्याही तांड्यावर विचारा.

तिकडं मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, ऊसच तोडणाऱ्या तरण्या माणसांच्या किडन्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या संख्येनं निकामी होताना दिसल्या. शुगर नाही, बीपी नाही, वय तीस-पस्तीस, आणि डायलिसिस. कारणांवर अजून वाद आहे, कीटकनाशकांकडंही बोट दाखवलं जातं. पण सगळ्यात जास्त पुरावा उष्णतेत होणारी अंगमेहनत आणि वारंवार पाणी कमी पडणं, याच्या बाजूनं आहे. तिथं काही ठिकाणी "पाणी, सावली, विश्रांती" असा नियम फडावर लावला, आणि किडनीला होणारी इजा कमी झालेली मोजली गेली.

यात कोल्ड्रिंक कुठून आलं? तर तिथले कामगार उन्हात तहान भागवायला गोड पेयं पितात, म्हणून शास्त्रज्ञांना शंका आली. अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात २०१९ मध्ये एक प्रयोग छापला गेला. १२ निरोगी माणसं. ३५ अंश तापमानाच्या खोलीत चार तास शेतमजुरीसारखी मेहनत. एका दिवशी दोन लिटर कॅफिनवालं गोड पेय, दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी. माणूस तोच, काम तेच, ऊन तेवढंच, बदलली फक्त बाटली. आम्ही ऑफिसात याला ए-बी टेस्ट म्हणतो. गोड पेयाच्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन आणि किडनीवर ताण आल्याच्या इतर खुणा वाढल्या. पाण्याच्या दिवशी तसं झालं नाही.

आता हे ऐकून कुणी "एक बाटली प्यायला आणि किडनी गेली" असं स्टेटस टाकू नका. ही माणसं फक्त १२ होती, पेय दोन लिटर होतं, आणि वाढलेल्या खुणा नंतर उतरतात. आपल्या ऊसतोड कामगारांच्या किडन्या कोल्ड्रिंकनं जातात, असंही मी म्हणत नाहीये. पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, उन्हात, तहानेवरचा उपाय म्हणून गोड बाटली घेणं ही सगळ्यात वाईट वेळ आहे, एवढं यातून नक्की दिसतं. फ्रुक्टोज पचताना यूरिक ॲसिड वाढतं. आणि त्याच वेळी पाणी धरून ठेवायला शरीर ज्या यंत्रणा चालू करतं, त्यांचाही ताण किडनीवरच येतो. दोन्ही एकदम. आणि आपल्याकडं बाटली नेमकी कधी निघते? दुपारी दोनला, उन्हातून आल्यावर. पाहुणा फुफाट्यातून आला की पाण्याचा तांब्या जेमतेम दाखवायचा आणि लगेच पोराला दुकानात पिटाळायचं, "जा, थंडा आण."

हे "थंडा" प्रकरण आपोआप झालेलं नाही बरं का. २००० नंतरच्या त्या जाहिराती आठवा, ज्यात आमिर खान खेड्यातल्या माणसाच्या वेशात येऊन थंडा म्हणजे आमचीच बाटली असं पटवायचा. २००३ मध्ये २०० मिलीची बाटली पाच रुपयाला आणली, खास लहान गावांसाठी. त्याआधी ताक, पन्हं, लिंबूपाणी, उसाचा रस, हे सगळं थंडच होतं. (उसाच्या रसाला मी सोडत नाहीये, त्यातही साखर भरपूर आहे. पण तो कुणी दोन लिटरची बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवत नाही.) आता पुन्हा दहा रुपयांना २०० मिलीची स्पर्धा सुरू आहे. सरकारनं सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के जीएसटी ठेवलाय. तरी ती दहा रुपयांना मिळते. बाटलीबंद पाणी वीसला. तुम्हीच बघा, बसस्टँडवर तहानलेलं पोरगं काय उचलेल.

आणि ती साखर येते कुठून? मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं एक शोधवृत्त छापलं. महाराष्ट्रातल्या ज्या साखर कारखान्यांकडून कोकाकोला आणि पेप्सीसारख्या कंपन्या साखर घेतात, त्यांच्यासाठी ऊस तोडणाऱ्यांची कर्जं, बालविवाह आणि बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकार त्यात होते. त्यातल्या कितीतरी बाया आपल्या बीडच्या. गर्भपिशवीचं प्रकरण तर २०१९ मध्येच विधिमंडळात गाजलं होतं, तेव्हाच्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. हा वेगळ्या भागाचा विषय आहे आणि तो मी करणार आहे. इथं सांगितलं ते यासाठी की ही बाटली आपल्याला दोन्हीकडून लागते.

सावलीत बसून पिणाऱ्यांचं काय?

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखे, खुर्चीवर बसून काम करणारे नाहीतर अभ्यासिकेत बसणारे. आपल्याला ऊन नाही, पण साखर जाळायला हालचालही नाही.

जेवण आणि पेय यात शरीर फरक करतं, ही मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. २००० साली एका अभ्यासात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेलीच्या गोळ्यांमधून दिल्या आणि नंतर चार आठवडे तेवढ्याच कोल्ड्रिंकमधून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसं नकळत बाकीचं जेवण कमी करत होती. कोल्ड्रिंक प्यायले तेव्हा जेवण जसंच्या तसं, वर ही साखर. पोटाच्या हिशोबात द्रवाची नोंदच होत नाही. बग म्हणा हवं तर.

नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर याची परीक्षा झाली, २०१२ मध्ये छापून आली. निम्म्यांना रोज २५० मिली साखरेचं पेय, निम्म्यांना तेवढंच बिनसाखरेचं, आणि डबा सारखाच, कुणाला काय मिळतंय ते माहीत नाही. दीड वर्षानं साखरवाल्यांचं वजन दुसऱ्यांपेक्षा सरासरी एक किलोनं जास्त वाढलेलं. "रोज एकच" होतं बरं का ते.

मधुमेहाचं सांगायचं तर, २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: रोज एक बाटली जास्त पिणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेहाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त. वजनाचा परिणाम वजा केला तरी १३ टक्के उरतो. टक्केवारीनं घाबरू नका, तिचा अर्थ बघा. समजा १०० जणांत एरवी १० जणांना शुगर होणार असेल, तर तिथं १२ जणांना होईल. छोटा फरक वाटतो. पण आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर उभे आहेत. आपण सडपातळ दिसत असलो तरी पोटाभोवती चरबी धरायची भारतीयांची ठेवण आहे, तेव्हा "मी तर बारीक आहे" हे उत्तर चालत नाही.

त्या पोटातल्या चरबीचा रस्ता यकृतातून जातो. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज, तो सगळं शरीर वापरतं. दुसरा अर्धा फ्रुक्टोज, तो बहुतेक सगळा यकृतालाच निस्तरावा लागतो. फळातून सावकाश, चोथ्यासकट आला तर जमतं. बाटलीतून पाच मिनिटांत आला की यकृत त्यातल्या काही भागाची चरबी करून ठेवतं. दारूला शिवत नाही आणि तरी सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड वन" आलं म्हणून चक्रावलेले तिशीच्या आतले लोक तुमच्याही ऑफिसात असतील.

दातांचं पटकन सांगतो. दातावरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं, कोला अडीचच्या आसपास असतो. इथं किती प्यायलात यापेक्षा किती वेळ पीत बसलात हे जास्त महत्त्वाचं. पाच मिनिटांत संपवली तर लाळ पुढं दुरुस्ती करते. पबजी खेळत दोन तास घोट घोट घेतली, तर दात दोन तास आंबटात. आणि प्यायल्या प्यायल्या लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेलं कवच घासलं जातं. नुसत्या पाण्यानं चूळ भरा.

ग्राउंड आणि एनर्जी ड्रिंक

आता भरतीवाल्यांचा प्रश्न. वीस रुपयांची लाल बाटली घेऊन पहाटे सोळाशे मीटर मारणारी पोरं, आणि तीच बाटली घेऊन रात्री दोनपर्यंत एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं. आपल्याकडच्या नियमात अशा कॅफिनच्या पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीत जास्तीत जास्त ७५. टपरीवरच्या दोन-तीन कटिंगएवढं, पण थंड आणि गोड असल्यानं ते एका दमात जातं. वर साखर वेगळी. बाटलीवर लिहिलेलंच असतं की मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी नाही, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नाही. ते अक्षर इतकं बारीक का असतं, हे मी सांगायला नको.

कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलंत तर पहाटे चारला अर्धं अंगात आहे. झोप कच्ची, सकाळी ग्राउंडवर पाय जड, म्हणून पुन्हा बाटली. छातीत धडधड होत असताना उन्हात पळणं, आणि तेही रिकाम्या पोटी, हे धाडस करू नका. धावण्याआधी एक केळं आणि पाणी घ्या. कॅफिन हवंच असेल तर सकाळचा साधा चहा आहेच.

शाळेच्या पोरांबद्दल: जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सत्यजीत तांबे यांच्या प्रश्नावर तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जाहीर केलं की जास्त कॅफिनची पेयं शाळेपासून ५०० मीटरच्या आत विकायला बंदी आणू. त्याआधी २०२० च्या केंद्राच्या नियमात जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांना शाळेपासून ५० मीटरची मनाई आहेच. तुमच्या गावातल्या शाळेसमोरच्या टपरीवर काय लटकतंय ते येता-जाता बघा, आणि मला फोटो पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीत तुमचेच काका-मामा असतात, त्यांच्या कानावर हा नियम घाला.

शेवटचे दोन प्रश्न.

"डायट चालेल का?" साखरेपेक्षा बरं, आणि रोजच्या दोन बाटल्या सोडायच्या असतील तर मधली पायरी म्हणून ठीक. पण जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करायला या गोड पर्यायांवर भरवसा ठेवू नका, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. दाताला आंबटपणा तसाच राहतो.

"एकदम सोडलं की डोकं दुखतं, काय करू?" ते बहुधा कॅफिनचं आहे. दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात थांबतं. एकदम जमत नसेल तर आधी उन्हातली बाटली सोडा. तहान लागली की पहिल्यांदा दोन ग्लास पाणी, माठातलं, मग बाटली प्यावीशी वाटली तर बघू. निम्म्या वेळा नंतर वाटतच नाही. घरात ताक असेल तर चिमूटभर मीठ-जिरं घालून ते. लिंबूपाणी करताना मात्र साखरेचा हात आवरा, नाहीतर सहा चमचे तिथंच पडायचे. आणि लग्नात, जत्रेत, मॅच बघताना महिन्यातून एखादी प्यायलात तर मला मेसेज करून माफी मागायची गरज नाही. आजचा सगळा भाग "रोज" या शब्दाबद्दल होता.

पुढच्या आठवड्यात बोरच्या पाण्यातल्या क्षारांवर बोलू, त्यावर माजलगाव आणि गेवराईकडून खूप प्रश्न आलेत. चला, भेटू.